पहिल्या निरोप्याच्या शोधात

ताण हा शब्द आज शहरी मराठी घरात दिवसातून अनेकदा उच्चारला जातो. परीक्षेचा ताण, नोकरीचा ताण, घराच्या हप्त्यांचा ताण ही त्याची रूपे अतिपरिचयाची झाली आहेत. हा शब्द मुळात पदार्थविज्ञानाच्या दालनातून वैद्यकात आला आणि तेथे तो रुजवणारा एक विशिष्ट मनुष्य होता, याचे भान मात्र सहसा राहत नाही. तो मनुष्य म्हणजे डॉ. हान्स सेल्ये. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन चिमुकल्या ग्रंथींचे काम उलगडण्यात त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग गेला. संकटकाळी या ग्रंथींना आदेश कोण देतो, हा प्रश्न त्यांनी वैद्यकापुढे ठामपणे मांडला. त्याच्या उत्तरातील सर्वांत वरचा दुवा मात्र त्यांच्या हाती लागला नाही. तो सापडला तेव्हा सेल्ये चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि शोधणारे हात दुसऱ्यांचे होते.

सेल्ये यांचा जन्म २६ जानेवारी १९०७ रोजी व्हिएन्ना येथे झाला. वडील हंगेरियन, लष्करातील शल्यविशारद, आई ऑस्ट्रियन. बालपण डॅन्यूब नदीकाठच्या कोमारोम या गावी गेले. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य कोसळले, नदीच्या मध्यातून सीमारेषा गेली आणि गावाचा उत्तरेकडील भाग नव्या चेकोस्लोव्हाकियात आला. घर न बदलता देश बदलण्याचा हा अनुभव मध्य युरोपातील त्या पिढीच्या अनेकांना आला. घरातच अनेक भाषा कानांवर पडत असल्यामुळे पुढे देशोदेशी वावरताना सेल्ये यांना परकेपणा फारसा जाणवला नसावा. शालेय शिक्षण बेनेडिक्टाइन धर्मगुरूंच्या शाळेत झाले आणि त्यानंतर वडिलांचाच व्यवसाय पत्करून त्यांनी प्राग येथील जर्मन विद्यापीठात वैद्यकीय अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला.

विद्यार्थिदशेतील एक प्रसंग त्यांच्या चरित्रात महत्त्वाचा मानला जातो. प्राध्यापक एकामागून एक रुग्ण वर्गापुढे आणत आणि त्या त्या रोगाचे खास लक्षण विद्यार्थ्यांना दाखवून देत. सेल्ये यांचे लक्ष मात्र भलतीकडेच गेले. रोग निरनिराळे असूनही या सर्व रुग्णांत काही गोष्टी सारख्याच होत्या. सर्वांची भूक मंदावलेली, वजन घटलेले, अंगातील त्राण गेलेले, चेहऱ्यावर आजारपणाची तीच छाया. रोगाच्या वेगळेपणाचा शोध घेणाऱ्या वैद्यकाला या सारखेपणात स्वारस्य नव्हते. एकोणीस वर्षांच्या त्या विद्यार्थ्याला नुसते आजारी असणे म्हणजे काय, हा प्रश्न पडला. उत्तर देणारे कोणी नव्हते आणि परीक्षा समोर होत्या. प्रश्न मागे पडला, पण विसरला गेला नाही.

१९२९ मध्ये वैद्यकाची आणि १९३१ मध्ये सेंद्रिय रसायनशास्त्रातील डॉक्टरेट पदवी मिळाल्यानंतर रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. तेथे त्यांचे मन रमले नाही. लवकरच ते कॅनडातील मॉन्ट्रियल येथे, मॅकगिल विद्यापीठातील जेम्स कॉलिप यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. कॉलिप हे इन्शुलिन शुद्ध करण्याच्या ऐतिहासिक कामातील एक भागीदार होते. तो काळच संप्रेरकांच्या शोधांचा होता. प्राण्यांच्या ग्रंथींचा अर्क काढायचा, तो उंदराला टोचायचा आणि शरीरात काय बदल होतो ते पाहायचे, ही त्या काळची रूढ रीत होती.

सेल्ये यांच्याकडे गायीच्या अंडाशयाच्या अर्काचे काम आले. अर्क टोचलेल्या उंदरांचे विच्छेदन केल्यावर तीन बदल ठळकपणे दिसले. अधिवृक्क ग्रंथींचे, म्हणजेच ॲड्रिनल ग्रंथींचे, बाह्य आवरण फुगले होते. छातीतील थायमस ग्रंथी, प्लीहा आणि लसीका ग्रंथी आकसल्या होत्या. जठरात आणि लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात व्रण पडले होते. असा परिणाम करणारे कोणतेही संप्रेरक तोवर ज्ञात नव्हते. आपल्या हाती नवे संप्रेरक लागले, अशी त्या तरुण संशोधकाची खात्री झाली.

हा आनंद फार काळ टिकला नाही. खातरजमेसाठी त्यांनी वारेचा अर्क टोचला, तरी तेच तीन बदल झाले. मूत्रपिंडाचा, प्लीहेचा अर्क टोचला, तरीही तेच. अखेर ऊती टिकवण्यासाठी वापरले जाणारे फॉर्मालिन हे जहाल रसायन टोचून पाहिले, तर बदल अधिकच ठळक झाले. फॉर्मालिनमध्ये संप्रेरक असण्याचा प्रश्नच नव्हता. नव्या संप्रेरकाचे स्वप्न विरले. उंदरांवर दिसलेला परिणाम अर्कातील अशुद्धीचा आणि टोचण्याने झालेल्या इजेचा होता.

दुसऱ्या एखाद्याने येथे वही मिटली असती. सेल्ये यांना मात्र प्रागमधले ते रुग्ण आठवले. इजा कोणतीही असो, शरीराचे उत्तर एकच असेल, तर नुसत्या आजारपणाची ती जुनी लक्षणे आणि उंदरांतील हे तीन बदल एकाच सूत्रात ओवता येतील. त्यांनी उंदरांना थंडीत ठेवले, शस्त्रक्रियेने इजा केली, थकेपर्यंत पळवले, निरनिराळ्या औषधांच्या प्राणघातक नसलेल्या मात्रा दिल्या. प्रत्येक वेळी तेच त्रिकूट समोर आले. गुरू कॉलिप यांना हा मार्ग म्हणजे वेळेचा अपव्यय वाटला आणि त्यांनी शिष्याला त्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. धीर दिला तो इन्शुलिनचे नोबेलविजेते फ्रेडरिक बँटिंग यांनी. थोडे अर्थसाहाय्यही मिळवून दिले.

४ जुलै १९३६ रोजी ‘नेचर’ नियतकालिकात सेल्ये यांचे एक छोटेसे टिपण प्रसिद्ध झाले. पानभरही मजकूर नव्हता. शरीराच्या प्रतिसादाच्या तीन अवस्था त्यात मांडल्या होत्या. इजेनंतर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत दिसणारी धोक्याच्या घंटेची अवस्था, त्यानंतरची तग धरण्याची अवस्था आणि इजा एक ते तीन महिने चालूच राहिली तर येणारी, मृत्यूकडे नेणारी थकव्याची अवस्था. गंमत अशी, की ज्या शब्दामुळे सेल्ये यांचे नाव जगभर झाले, तो ‘स्ट्रेस’ शब्द या टिपणात नव्हता. तो त्यांनी पुढे स्वीकारला. पदार्थविज्ञानात वस्तूवर पडणाऱ्या भाराला एक शब्द आहे आणि त्या भाराने वस्तूत घडणाऱ्या बदलाला दुसरा. सेल्ये यांनी बदलासाठी भाराचाच शब्द वापरला. आपले इंग्रजी त्या वेळी पुरेसे पक्के नव्हते, अशी कबुली त्यांनी नंतर दिली. परंतु तोवर शब्द रूढ झाला होता.

या संशोधनाचे मोल समजण्यासाठी अधिवृक्क ग्रंथीची रचना थोडी पाहावी लागेल. प्रत्येकी जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाच्या या ग्रंथीत प्रत्यक्षात दोन ग्रंथी एकीत एक बसलेल्या असतात. आतला गाभा मज्जासंस्थेचा आप्त. मेंदूकडून निघालेला संदेश मज्जातंतूंवाटे थेट तेथे पोहोचतो, तंतूंच्या टोकांशी ॲसिटिलकोलिन हे रसायन स्रवते आणि क्षणार्धात ॲड्रिनलिन रक्तात उतरते. छाती धडधडते, हातपाय थंड पडतात, रक्तातील साखर वाढते. लढा किंवा पळा या शब्दांत ओळखली जाणारी ही यंत्रणा हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी सेल्ये यांच्या आधीच उलगडली होती. बाहेरच्या आवरणाला मात्र असे थेट मज्जातंतूंचे आदेश मिळत नाहीत. त्याच्यावाचून माणूस जगत नाही, हे लंडनचे डॉ. टॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णिलेल्या जीवघेण्या विकारामुळे ध्यानात आले होते. सेल्ये यांचे योगदान असे, की संकटकाळी हे आवरणच मोठ्या प्रमाणावर कामाला लागते, हे त्यांनी दाखवून दिले.

मग त्याला आदेश कोठून येतो? सेल्ये यांनी पुढच्या प्रयोगांत काही उंदरांच्या मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी काढून टाकली. अशा उंदरांना इजा केली, तरी अधिवृक्क ग्रंथी फुगल्या नाहीत. दुसऱ्या गटाच्या अधिवृक्क ग्रंथीच काढल्या, तेव्हा थायमस आकसली नाही. साखळी स्पष्ट झाली. पोष ग्रंथी अधिवृक्काला चेतवते आणि अधिवृक्काचे स्राव थायमसला आकसायला लावतात. पोष ग्रंथीचा हा आदेश ज्या संप्रेरकातून जातो, ते एसीटीएच कॉलिप यांच्याच प्रयोगशाळेत १९३३ मध्ये अर्करूपाने हाती आले होते. आवरणातील स्रावांपैकी साखरेच्या चयापचयावर परिणाम करणारे ग्लुकोकॉर्टिकॉइड आणि क्षारांचा समतोल राखणारे मिनरॅलोकॉर्टिकॉइड ही आज प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी शिकतो ती नावेही सेल्ये यांनीच रूढ केली.

परंतु पोष ग्रंथीला कोण सांगते? भाजलेली कातडी, गारठलेले शरीर किंवा भेदरलेले मन यांची वार्ता तिच्यापर्यंत पोहोचते कशी? काहीतरी पहिला निरोप्या असलाच पाहिजे, असे सेल्ये मानत. तो रक्तातला एखादा पदार्थ की मज्जातंतूंतील संदेश, हे त्यांना ठरवता आले नाही. १९४५ मध्ये ते मॉन्ट्रियल विद्यापीठात गेले, प्रायोगिक वैद्यक व शल्यक्रिया संस्थेचे संचालक झाले आणि १९७६ पर्यंत त्या पदावर राहिले. या संस्थेतून निबंधांचा ओघ सुरू झाला. त्यांच्या नावावरील निबंधांची संख्या दीड हजारांवर गेली. १९५६ मध्ये सामान्य वाचकांसाठी लिहिलेले ‘द स्ट्रेस ऑफ लाइफ’ हे पुस्तक गाजले. त्याच वर्षी हंगेरीत झालेल्या उठावात त्यांच्या आईचा गोळीबारात मृत्यू झाला. पहिला निरोप्या मात्र अज्ञातच राहिला.

त्याच्याकडे जाणारी वाट इंग्लंडमध्ये जेफ्री हॅरिस यांनी खुली केली. मेंदूच्या तळाचा हायपोथॅलॅमस हा भाग आणि पोष ग्रंथीचा पुढचा खंड यांच्यामध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे आहे. मेंदूतील पेशी आपली रसायने या वाहिन्यांत सोडतात आणि ती जवळच्या पोष ग्रंथीपर्यंत वाहत जातात, असे हॅरिस यांनी प्रयोगांच्या आधारे मांडले. निरोप्या मज्जातंतूंतला की रक्तातला, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही, असे निघत होते.

तो रासायनिक निरोप्या पकडण्याची शर्यत ज्या दोघांत लागली, त्यांचेही धागे मॉन्ट्रियलशी जुळलेले होते. फ्रान्सचे रॉजर गिलमँ हे सेल्ये यांचे व्याख्यान ऐकून प्रभावित झाले, मॉन्ट्रियलला आले आणि १९५३ मध्ये सेल्ये यांच्याच संस्थेतून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. अँड्र्यू शॅली त्याच शहरात मॅकगिल विद्यापीठात मरे सॅफ्रन यांच्याबरोबर काम करीत होते. १९५५ मध्ये दोन्ही गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की हायपोथॅलॅमसच्या अर्कात पोष ग्रंथीला एसीटीएच सोडायला लावणारा घटक आहे. घटक आहे हे दिसत होते. तो वेगळा काढता येत नव्हता. लाखो मेंढ्यांच्या आणि डुकरांच्या मेंदूंचे तुकडे कत्तलखान्यांतून आणून दोघांनी वर्षानुवर्षे अर्क गाळले. या खटाटोपात हायपोथॅलॅमसची इतर संप्रेरके गवसली आणि १९७७ चे नोबेल पारितोषिक दोघांना रोझॅलिन यॅलो यांच्यासह विभागून मिळाले. ज्या घटकापासून शर्यत सुरू झाली होती, तो मात्र निसटलेलाच राहिला. नोबेलसाठी अनेकदा नामांकन होऊनही सेल्ये यांना तो सन्मान कधीच मिळाला नाही. त्यांच्या शिष्याला मिळाला.

अखेर १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत गिलमँ यांचे माजी विद्यार्थी वायली व्हेल यांनी आपल्या सहकाऱ्यांसह मेंढीच्या हायपोथॅलॅमसमधून तो घटक वेगळा केला. एकेचाळीस अमिनो आम्लांची ही साखळी आज सीआरएच या नावाने ओळखली जाते. सेल्ये यांनी प्रश्न मांडल्याला पंचेचाळीस वर्षे झाली होती.

आज ज्ञात असलेले चित्र असे आहे. धोक्याची वार्ता पोहोचली, की मेंदूच्या खोडातील पेशी नॉरॲड्रिनलिन स्रवून हायपोथॅलॅमसमधील सीआरएचच्या पेशींना जागे करतात. सेरोटोनिनही त्यांना चेतवते, तर गाबा हे रसायन त्यांना आवरून धरते. या ओढाताणीतून जे ठरते त्यानुसार सीआरएच आणि त्याच्या जोडीला व्हॅसोप्रेसिन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत उतरतात, पोष ग्रंथी एसीटीएच सोडते आणि काही मिनिटांत अधिवृक्काचे आवरण कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसॉल घडवू लागते. हेच कॉर्टिसॉल शेजारच्या गाभ्यात झिरपून ॲड्रिनलिन बनवणाऱ्या विकराला बळ देते, म्हणजे कॅनन यांचा गाभा आणि सेल्ये यांचे आवरण अखेर एकमेकांचे सोबतीच ठरतात. संकट नसतानाही हे चक्र थांबत नाही. मेंदूतील घड्याळाच्या तालावर कॉर्टिसॉल पहाटे चढते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते.

या व्यवस्थेचे खरे शहाणपण मात्र तिच्या लगामात आहे. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसे झाले, की ते उलट मेंदूकडे जाऊन सीआरएच आणि एसीटीएच या दोन्हींचे उत्पादन कमी करते. १९६८ मध्ये ब्रूस मॅक्युएन यांनी उंदरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भागही अधिवृक्काचे हे संप्रेरक टिपून घेतो, हे दाखवले. म्हणजे ज्या मेंदूतून आदेश निघतो, तोच मेंदू आदेशाच्या परिणामाने बदलतो. दीर्घकाळ स्टेरॉइड गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने त्या स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नयेत, असे डॉक्टर बजावतात त्यामागेही हाच लगाम आहे. बाहेरून मिळणाऱ्या औषधामुळे मेंदू आदेश देणे थांबवतो, काम नसल्यामुळे अधिवृक्काचे आवरण रोडावते आणि औषध अचानक थांबले, तर शरीराला स्वतःचे कॉर्टिसॉल वेळेवर मिळत नाही. अशा वेळी प्राणावरही बेतू शकते.

सेल्ये यांच्या सिद्धान्ताचा काही भाग काळाच्या कसोटीला उतरला नाही, हेही नोंदवायला हवे. सर्व प्रकारच्या इजांना शरीराचे उत्तर एकच, हे त्यांचे मूळ प्रमेय. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील जॉन मेसन यांनी माकडांवर प्रयोग करून दाखवले, की उपाशी ठेवण्यातील मानसिक क्लेश टाळला, तर केवळ उपासमारीने हे स्राव अपेक्षेप्रमाणे वाढत नाहीत. म्हणजे इजेइतकेच तिचे मनाने केलेले आकलनही निर्णायक. संधिवातासारख्या विकारांना या स्रावांतील बिघाड कारणीभूत ठरतो, असे सेल्ये उंदरांवरील प्रयोगांवरून मांडत; माणसांबाबत त्याला पुरेसा आधार मिळाला नाही.

याहून गंभीर डाग तंबाखूचा. अमेरिकेतील खटल्यांमुळे सिगारेट कंपन्यांचे अंतर्गत कागद खुले झाले आणि सेल्ये यांनी या उद्योगाकडून संशोधनासाठी पैसा घेतल्याचे उघड झाले. १९६९ मध्ये कॅनडाच्या संसदीय समितीपुढे त्यांनी धूम्रपानाच्या निर्बंधांना अनुकूल नसलेली साक्ष दिली होती. धूम्रपान हा ताण हलका करण्याचा एक उपाय असू शकतो, हा त्यांचा युक्तिवाद उद्योगाला सोयीचा होता. कर्करोग आणि हृदयविकार यांचे खापर सिगारेटऐवजी ताणावर फोडता येत होते. आजारपणाचे सामायिक मूळ शोधायला निघालेल्या वैद्याने आजाराच्या एका ठसठशीत कारणावर पडदा टाकायला हातभार लावावा, हा त्यांच्या चरित्रातील खेदजनक विरोधाभास होय.

१६ ऑक्टोबर १९८२ रोजी मॉन्ट्रियल येथे सेल्ये यांचे निधन झाले. पहिल्या निरोप्याची ओळख पटून जेमतेम वर्ष उलटले होते. डॅन्यूबकाठच्या त्यांच्या गावी, आज स्लोव्हाकियात असलेल्या कोमार्नो येथे, २००४ पासून त्यांच्या नावाचे विद्यापीठ उभे आहे. त्यांची उत्तरे पुढच्या पिढ्यांनी दुरुस्त केली, काही टाकूनही दिली. टिकून राहिला तो प्रश्न. अर्कातील अशुद्धी म्हणून जे फेकून द्यायचे होते, तेच त्यांनी उचलून निरखले. त्या फसलेल्या प्रयोगातूनच मेंदू आणि अधिवृक्क यांच्यातील संवाद ऐकण्याची सवय वैद्यकाला लागली.